बाई, यंदा वाटाणा पिवळा पडला नाही

बाई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाची तयारी मीच केली. यादी करून केली, हे तुम्हाला सांगायला नको. मंडप, सतरंज्या, मेणबत्त्या, पांढरी फुलं, फोटोची फ्रेम, वरण-भाताची भांडी, पाण्याचे जार आणि शेवटी बोलणाऱ्यांची नावं. तिसरं नाव माझं होतं. वंदना झाली, पहिले दोघे बोलले. तुम्ही कष्टाळू होत्या, कोणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही, असं म्हणाले. सगळं खरं आहे. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, माइक हातात घेतला आणि परत बसले. बायांना वाटलं मला रडू आलं. तुमच्या लेकीनं, संगीतानं धावत जाऊन पाण्याचा ग्लास आणला.

रडू आलं नव्हतं, बाई. तुम्ही जायच्या दोन दिवस आधी मला एक प्रश्न विचारला होता. मी म्हटलं होतं, "उद्या सांगते." त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तुमच्याबद्दल दुसरं काही बोलायचा मला हक्क नाही, असं उभं राहिल्यावर एकदम वाटलं. आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही आहे असं म्हणवत नाही.

प्रश्न लहानसाच होता. पण तो आधी लिहिला तर वाचणाऱ्याला कळायचा नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी नाल्याकडच्या तुकड्यापासून सांगते. क्रमानं सांगितल्याशिवाय मला जमत नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा वरचं वावर तुमच्याकडे आलं, विहिरीकडचं आमच्याकडे. नाल्याला लागून दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा उरला. तुम्ही म्हणालात, "राहू द्या सामाईक. आम्ही दोघी जावा पाहून घेऊ." तेव्हा भासरे, म्हणजे तुमचे मालक, हयात होते. ते हसून म्हणाले, "दोन जावा अन् एक वावर. पेरनीच्या आंधी भांडन उगवन." भांडण उगवलं, पण त्यांना वाटलं तसलं नाही. कोणी जास्त घ्यायचं यावरून आपण कधी भांडलो नाही. जास्त कोणी करायचं यावरून मात्र रोज भांडलो.

त्या तुकड्यात वाटाणा लावायचं तुम्हीच ठरवलं. बी तुमच्या माहेरचं, रोहिणखेडचं. उंच वाढणारा गावरान वाटाणा. दाणा बारीक, पण कच्चा खाल्ला तरी गोड. तुम्ही गाडग्यात राख घालून बी ठेवायच्या आणि गाडग्याच्या तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधायच्या. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मोताळ्याच्या बाजारात माझ्या पाटीतला वाटाणा सगळ्यात आधी संपायचा.

मग एका वर्षी फुलं लागता लागता खालची पानं पिवळी पडायला लागली. आठवड्याभरात पिवळेपणा वर चढला. दुपारी रोपं मान टाकायची. एक रोप उपटून पाहिलं तर विनासायास हातात आलं. मूळ तपकिरी, मऊ. बोटानं ओढलं की साल निसटायची आणि मधला दोरा तेवढा हातात राहायचा.

"तहानलं वं बिचारं," तुम्ही म्हणालात.

"बाई, जमीन ओली हाय."

"वरून ओली दिसते. पान का खोटं बोलते?"

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धा तुकडा गेला. मी कृषी सहायकांना बोलावलं. ते आपल्या ओट्यावर बसले आणि नीट समजावून सांगितलं, की ही मूळकूज आहे. बुरशी जमिनीतच राहते, पाणी साचलं की जोर धरते. मूळ कुजलं की त्याला पाणी ओढता येत नाही. म्हणून पायाखाली ओल असूनही पान सुकतं, आपल्याला वाटतं तहान लागली आणि आपण आणखी पाणी देतो. मी शब्दन् शब्द वहीत लिहून घेतला. तुम्ही पलीकडे सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. तुम्ही ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. एकदा वहीत लिहिलं म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळलं, असं मला वाटतं. मी तुम्हाला वेगळं कधी सांगितलंच नाही.

त्यानंतर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी कारणांची यादी केली. बी रोगट असेल. शेणखत कच्चं असेल. पेरणी दाट झाली असेल. नाल्याचा पाझर येत असेल. एकेका वर्षी एकेक कारण घेतलं आणि त्याच्या मागे लागले. जमीन कायम ओली सापडायची, म्हणून पाझरावर माझा सगळ्यात जास्त संशय. यांच्याकडून नाल्याच्या बाजूनं कमरेइतका चर खोदून घेतला. यांची पाठ धरली ती संक्रांतीपर्यंत सुटली नाही. तुकडा ओला तो ओलाच.

मग मी ट्रायकोडर्मा आणला. ही चांगली बुरशी असते, कुजवणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालात, "बुरशी माराले बुरशी? म्हंजे एका सासूले ताळ्यावर आनाले दुसरी सासू आनाव काय?" आपण दोघी किती हसलो होतो. पण मी बियाला तो चोळत असताना तुम्ही शेजारी बसून राहिलात आणि सावलीत पसरलेल्या बियावरच्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत हाकलल्या.

त्या वर्षीही पिवळा पडला.

शेवटी मी ठरवलं की दोन वर्षं तिथं वाटाणा नाही, ज्वारी. एकाच जागी तेच पीक घेतलं की बुरशीला दरवर्षी ताट वाढून दिल्यासारखं होतं. तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. भाजीची वाटी मात्र रोज पाठवत होत्या, झाकण जोरात आपटून. नवव्या दिवशी म्हणालात, "ज्वारी काय कुठंबी येते. माह्या मायच्या बियाचं काय?" मी म्हटलं, बी गाडग्यात आहे, कुठं जात नाही. ते तुम्हाला पटलं नाही. दोन्ही वर्षं तुम्ही परसात न्हाणीच्या कडेला दहा-बारा वेल वाढवले आणि बी ताजं ठेवलं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी शाबास म्हटलं नाही. न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेलं बी रोगट निघेल, एवढंच म्हटलं.

यंदा वाटाणा घ्यायचं कबूल केलं होतं. पण दिवाळीच्या आधी तुम्ही अंथरूण धरलं. पेरणीच्या दिवशी तुमची बाज अंगणात आणली. गाडग्याचं तोंड तुम्ही स्वतःच्या हातानं सोडलं. मी म्हटलं, मूठभर मागं ठेवू, काही झालं तर. तुम्ही म्हणालात, "मांगं कायले ठेवतं? सगळं पेर. मले पाहू दे." मी वाफे उंच केले, बियाला ट्रायकोडर्मा लावला, मुरलेल्या शेणखतातही मिसळला. आणि गाडगं रिकामं झालं.

त्यानंतर माझा सगळा क्रम मोडला. बुलढाण्याच्या दवाखान्याच्या चकरा, तपासण्या, औषधांच्या वेळा. भिंतीवर तुमच्या गोळ्यांची यादी लागली आणि तिच्याखाली ओलिताची यादी झाकली गेली. वाटाण्याला पाणी द्यायच्या तारखा येऊन गेल्या. पुऱ्या मोसमात दोनदाच पाणी दिलं असेल. बाकी लक्षच नव्हतं.

तुमचं मात्र होतं. मी शेतातून आले की बाजेवरून विचारायच्या, "पिवळा पडला का?"

"नाई पडला, बाई."

"खोटं बोलून राह्यली. दुखन्यातल्या मानसाले असंच सांगतेत."

"खरंच नाई पडला. हिरवागार हाय."

"हाव, अन् मी उद्या नाचनार हाय."

रोज हेच. फुलं लागली तरी तुमचा विश्वास बसेना. म्हणून त्या दिवशी एक रोप मुळासकट खणून काढलं, मुळं विहिरीवर धुतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तुमच्या हातात दिलं. वाटलं, तुम्हाला आनंद होईल. मी तुमच्यासाठी केलेल्या सगळ्या कामांत हे एक काम यादीत नव्हतं.

तुम्ही मुळांवरून बोट फिरवलं. पांढरी, घट्ट मुळं. त्यांच्यावरच्या गाठी. एक गाठ तुम्ही नखानं फोडली, आत गुलाबी होती, निरोगी. मग विचारलं, "किती डाव पानी देल्लं यंदा?"

"दोनदा."

"दोनदाच?"

मग तुम्ही सांगितलं. छताकडे पाहत, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगत आहात. मी बाजाराच्या दिवशी मोताळ्याला गेले की तुम्ही नाल्याकडे जायच्या. वरच्या गव्हासाठी मोटार चालूच असायची. पाण्याचा दांड त्या तुकड्याच्या कडेनंच जातो. वाटाण्यानं मान टाकलेली दिसली की तुम्ही पायानं नाका, म्हणजे दांडाचं मातीनं बुजवलेलं तोंड, फोडायच्या आणि पाणी आत सोडायच्या. दर बाजाराच्या दिवशी. कधी मधेही. मला सांगितलं नाही, कारण मी वहीतून वाचून दाखवत बसले असते.

"तू थकून येत होती वं," तुम्ही म्हणालात. "मी म्हटलं, तेवढं काम तुहं कमी होईन."

आणि मग तो प्रश्न. रोप छातीवर तसंच धरून.

"मंग मीच होती का वं, पमा?"

बाई, आणि त्या क्षणी मी काय केलं? मी बोटं मोजायला लागले. दोन वर्षं ज्वारी घेतली, हे एक. वाफे उंच केले, हे दोन. शेणखत मुरलेलं होतं, तीन. यंदा पाऊस लवकर उघडला, चार. तुम्ही मला मधेच थांबवलं. "यादी नको वाचू. मी इचारलं थे सांग." तेवढ्यात मला तुमच्या दुपारच्या गोळीची आठवण झाली. मी उठले आणि म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी संगीता आली. घर भरलं. चहा, पाणी, कोण कुठं झोपणार, हे सगळं माझ्याकडे. तुम्ही एकदा दारातून माझ्याकडे पाहिलं, मी हातानंच "येते" म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. रोप तुमच्या उशाशी होतं, सुकलेलं. संगीतानं ते कचरा समजून बाहेर टाकलं. तिला काय माहीत.

आता मला कळत नाही ते हे.

तुमचं सगळं उरकल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. उत्तर तिथं सापडेल असं वाटलं. तुमचं पाणी वहीत नव्हतंच, पण माझं होतं. तारखेबरहुकूम, एकही चुकवलेलं नाही. आणि एका ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "जमीन ओली वाटते. तरी दिलं. तारीख होती." ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. जमीन ओली का राहते, हे पाहायला मी यांची पाठ मोडेपर्यंत चर खोदून घेतला. पण ओली आहे हे लिहून झाल्यावरही पाणी दिलं. तुम्ही पान पाहून देत होत्या, मी तारीख पाहून. मातीत बोट घालून दोघींपैकी कोणीच पाहिलं नाही.

म्हणजे आपण दोघी मिळून बुडवत होतो? की बुरशीच इतकी होती की एकीनंच पाणी दिलं असतं तरी वाटाणा गेला असता? यंदा तो वाचला तो कशानं? ज्वारीनं, वाफ्यांनी, ट्रायकोडर्मानं, की माझं लक्ष नसल्यामुळं? मी सगळ्याच गोष्टी एका वर्षी बदलल्या. आता कोणती कामी आली, हे कळायची वाटच मी बंद करून ठेवली आहे. इतकी वर्षं नोंदी ठेवणाऱ्या बाईनं असं करावं?

कधी तुमचा राग येतो. सांगायचं होतं ना एकदा. बाजारातून आल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यायच्या, तेव्हा तुमचे पाय पोटरीपर्यंत ओले असायचे. मी पाहायचे आणि विचारायचे नाही. मग राग माझ्याकडे वळतो. यादीत शेणखतापासून नाल्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, तुमच्यावर घेतला नाही. हे प्रेम होतं, की तुम्ही काही करत असाल हेच माझ्या डोक्यात आलं नाही? यातलं दुसरं खरं असेल तर ते फार वाईट आहे.

आणि ही वहीची सवय मला लावली कोणी? तुम्हीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सगळं विसरायचे. दूध उतू जायचं, कालवणात मीठ दोनदा पडायचं, एकदा तर सासऱ्यांच्या पाहुण्यांना जेवायला बोलावून मी स्वयंपाकच विसरले होते. तुम्ही सासूबाईंना सांगितलं की चूक तुमची, तुम्ही मला निरोप दिलाच नव्हता. आणि पुढच्या बाजाराहून एक वही आणून दिलीत. "तुले लिहाले येते न? मंग लिहून ठेवत जाय. मले येत असतं तं मी साऱ्या दुनियेचं लिहून ठेवलं असतं." त्या वहीत पहिल्या पानावर मी काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? "मीठ एकदाच." तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात.

पाणीही एकदाच, असं लिहायचं मात्र राहून गेलं.

आज तोडा होता. बाया शेंगा तोडून वर गेल्या. मी बियासाठी मधल्या दोन ओळी राखल्या आहेत, तिथल्या शेंगा वेलावरच वाळू देणार. त्या पाहायला मागे थांबले. दुपारचं ऊन होतं, वर गव्हाला मोटार चालू होती. आणि नाल्याच्या कोपऱ्यात, अगदी खालच्या टोकाला, सात-आठ वेलांनी मान टाकलेली दिसली. खालची पानं पिवळी.

पुढं काय झालं ते सांगते, पण नीट कसं सांगावं कळत नाही. मी विचार केला नाही. सरळ दांडापर्यंत गेले आणि पायानं नाका फोडला. पाणी कोपऱ्याकडे धावलं तेव्हा भानावर आले. मला मूळकूज माहीत आहे, बाई. वहीत शब्दन् शब्द आहे. तरी ते वेल इतके तहानलेले दिसत होते की पाय आपोआप गेला.

मग तिथंच बसले. पाणी पोचलं नव्हतं त्या जागी मातीत बोट घातलं. गार, ओली. एक वेल उपटला. मूळ तपकिरी, हातात दोरा.

आणि मला आनंद झाला. मूळकूज पाहून आनंद झालेली बाई आपल्या पंचक्रोशीत मी पहिलीच असेन. तुम्ही यंदा या वावरात पाय टाकला नाही. तरी ती आली. म्हणजे ती जमिनीत होतीच, तुमच्या हातून आली नव्हती. मग लगेच वाटलं, कोपरा सखल आहे, माझ्या दोन पाण्यांतलंच पाणी इथं साचलं असेल. मग वाटलं, तुम्ही मागं दिलेल्या पाण्यानंच इथं बुरशी वाढली असेल. मग काहीच कळेनासं झालं. कुजके वेल उपटून बांधाबाहेर टाकायचे असतात. ते हातात धरून मी तशीच उभी राहिले.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी मोठ्यानं बोलले.

"मले नाई माहीत, बाई. तुम्ही देल्लं, मीबी देल्लं. आताबी देल्लं."

त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा एवढंच सांगायचं होतं. यादी नको होती. तुमच्या हातातल्या मुळांवर माझाही हात ठेवायला हवा होता.

मग मातीचं ढेकूळ पायानं दाबून नाका बंद केला. तोवर थोडं पाणी आत गेलंच होतं.